नकाशा वाचा, जमीन वाचवा
(सभासद शिक्षण पाठ : संगणकावरील नकाशाची ओळख)



सात-बारा कसा वाचावा हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. क्षेत्र किती, आकार किती, इतर हक्कांत कोणाचे नाव आहे, बोजा कोणाचा आहे, हे आपण बोट ठेवून दाखवतो. नकाशाचे मात्र तसे नाही. बांधाचा तंटा झाला, भावाभावांत वाटप निघाले किंवा मोजणी लागली की मगच आपण नकाशा उघडतो. काम झाले की तो पुन्हा ट्रंकेत जातो.

आता दिवस बदलले आहेत. विहीर कोठे घ्यावी, गोठा किंवा गुऱ्हाळ कोठे बांधावे, कारखान्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोणत्या शेतात द्यावे, चोपण जमिनीचा निचरा कोणत्या ओढ्याला काढावा, या प्रत्येक प्रश्नात आज कायदा आहे आणि कायद्याच्या पोटात अंतर आहे. अंतर म्हटले की नकाशा आलाच. तेव्हा संगणकावरील नकाशा म्हणजे काय, तो आपल्या काय कामाचा आणि त्याच्यावर किती विसंबावे, याचा विचार या पाठात करू.

नकाशा म्हणजे थर

कागदी नकाशावर सर्व काही एकाच पानावर छापलेले असते. संगणकावर तसे नसते. जुन्या काळी सर्व्हेअर मेणकागदावर रेघा काढून तो कागद दुसऱ्या नकाशावर ठेवून बघत असे. तोच प्रकार येथे आहे. एका मेणकागदावर गट नंबरांच्या हद्दी, दुसऱ्यावर ओढे-नाले, तिसऱ्यावर विहिरी, चौथ्यावर मातीचे प्रकार, पाचव्यावर पूररेषा. प्रत्येक कागद म्हणजे एक थर. पाहिजे तो थर वर ठेवायचा, नको तो झाकायचा.

हे काम करणाऱ्या अनेक प्रणाली आहेत. त्यांतील क्यूजीआयएस नावाची प्रणाली कोणालाही फुकट मिळते. २००२ साली तिची सुरुवात झाली आणि जगभरातील स्वयंसेवक मंडळी तिच्यात भर घालत आली आहेत. एकाने बनवावे, दहांनी सुधारावे, सर्वांनी वापरावे, असा तिचा व्यवहार आहे. सहकारात वाढलेल्या माणसाला यात काही नवल वाटू नये.

थर भरायला माहिती लागते. गटांच्या हद्दी राज्य शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. जमीन-वापराचे नकाशे व उपग्रहाची चित्रे इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर आहेत. ते २००९ सालापासून सुरू आहे. विहिरी, बोअर, पाणंद, पाइपलाइन आणि चोपण पडलेले तुकडे मात्र कोणत्याही संकेतस्थळावर पुरते मिळणार नाहीत. ती माहिती तुमच्या-आमच्या डोक्यात आहे. ती तेथून काढून नकाशावर आणणे हेच खरे काम.

उपग्रहाचा गुंठा

युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे सर्वांना मोफत आहेत. पहिला उपग्रह २०१५ साली वर गेला, दुसरा २०१७ साली. दोन उपग्रह मिळून आपल्या शिवाराचे चित्र दर पाच दिवसांनी घेतात. या चित्रातील सर्वांत लहान चौकट १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरची असते.

आता आपला गुंठा घ्या. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. मेट्रिक मापात सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे उपग्रहाची एक चौकट हा जवळजवळ आपला एक गुंठाच झाला! एकराच्या तुकड्यात अशा सुमारे ४० चौकटी बसतात. हा हिशेब पाठ करून ठेवा. त्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, एकरभर उसात पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा पिवळा पडला असेल तर तो चित्रात दिसेल. दुसरी, बांध दोन हात इकडे सरकला की तिकडे, हे या चित्रात कधीही दिसणार नाही. ज्याची चौकटच गुंठ्याची, तो हातभराचा निवाडा काय करणार?

हिरव्या पानाने परत पाठवलेला लाल प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश यांची तुलना करून पिकाच्या हिरवेपणाचा आकडा काढतात. त्याला एनडीव्हीआय म्हणतात. पीक दाट व टवटवीत असेल तर आकडा चढतो, उघडी जमीन असेल तर उतरतो. पण आकडा उतरला म्हणजे जमीन चोपण झाली असे समजू नका. ऊस नुकताच तुटून गेला असेल, हुमणी लागली असेल किंवा पाण्याची पाळी चुकली असेल. चित्र संशय दाखवते, निदान करत नाही. निदान बांधावर जाऊन आणि माती तपासूनच होते.

पहिला उपयोग : चोपण जमीन आणि निचरा

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या भारी काळ्या जमिनींत पाणी जास्त व निचरा कमी झाल्यामुळे क्षार वर आले, ही गोष्ट कोणाला नवी नाही. ज्या रानात एके काळी साठ-सत्तर टनांचा उतारा होता तेथे आज लव्हाळा उभा आहे, असे तुकडे प्रत्येक नदीकाठच्या गावात दाखवता येतील. शिरोळ तालुक्यात श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भूमिगत निचऱ्याची कामे केली व अशा जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. यातील धडा एवढाच, की निचरा हे एकट्याचे काम नाही. वरच्याने पाणी सोडायचे, मधल्याने वाट द्यायची आणि खालच्याने ओढ्यापर्यंत न्यायचे, तेव्हा चर पुरा होतो.

समजा, एका ओढ्याच्या उतारावर तिघांचे गट आहेत. खालच्याची दीड एकर जमीन पांढरी पडली. तो म्हणतो, वरच्याच्या पाटाचे पाणी झिरपते. वरचा म्हणतो, मी माझ्या रानात पाणी देतो, तुझे काय? बोलाचाली वाढते. आता नकाशा काढा. हद्दींचा थर, ओढ्याचा थर, पाटाचा थर आणि उन्हाळ्यातील चार-पाच वर्षांची उपग्रहाची चित्रे एकावर एक ठेवा. पांढरा पट्टा कोठून सुरू झाला आणि दर साली कोणत्या बाजूला सरकला हे तिघांनाही एकदम दिसेल. मधल्याला कळेल की आज खालच्याचे रान गेले, उद्या आपले जाणार आहे. नकाशाने भांडण मिटेलच असे नाही. पण भांडण कशावर आहे हे तरी स्पष्ट होते.

त्यानंतर माती तपासा. विद्युत वाहकता ४ च्या वर, विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या खाली व सामू ८.५ च्या खाली असेल तर जमीन क्षारयुक्त. वाहकता ४ च्या खाली, सोडियम १५ टक्क्यांच्या वर व सामू ८.५ च्या वर असेल तर ती चोपण. पहिलीला निचरा आणि क्षार धुऊन जाण्याइतके पाणी लागते. दुसरीला त्याआधी जिप्समसारखे सुधारक द्यावे लागते. बोलण्यात आपण दोन्हींना चोपणच म्हणतो, पण औषध वेगळे आहे.

येथे एक इशारा देतो. संगणकावर उंच-सखलपणाचा जो मोफत थर मिळतो, तो २००० साली अवकाशयानातून केलेल्या पाहणीचा आहे. त्याची चौकट सुमारे ३० मीटरची, म्हणजे नऊ गुंठ्यांना मिळून एकच उंची! निचऱ्याच्या पाइपला १०० मीटरला दहा-वीस सेंटिमीटरचा उतार द्यायचा असतो. तो या थरावरून काढू नये. ओढा कोणत्या अंगाला आहे, पाण्याची वाट कोणत्या गटातून जाते, एवढे नकाशावर बघावे. उतार मात्र शिवारात डंपी लेव्हल लावूनच काढावा. तसेच चराचे खारे पाणी ओढ्यात पडते त्या ठिकाणाच्या खाली कोणत्या गावाची पिण्याची विहीर आहे, हे नकाशावर आधी बघावे. आपले रान सुधारताना दुसऱ्याचे पाणी बिघडवू नये, हाही सहकारच आहे.

दुसरा उपयोग : पूररेषा

२००५, २०१९ आणि २०२१ सालचे महापूर आपण विसरलेलो नाही. जलसंपदा विभाग नदीकाठावर दोन रेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल रेषा. नदी व निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध. तेथे पक्के बांधकाम करायचे नाही. निळी व लाल यांमधला पट्टा नियंत्रित. तेथे बंधने पाळून काही कामे करता येतात.

"पंचवीस वर्षांतून एकदा" या शब्दांनी फसू नका. एकदा पूर येऊन गेला म्हणजे पुढली चोवीस वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. दर साली पंचवीसांत एक इतकी शक्यता असते, आणि ती दर साली नव्याने असते. २०१९ नंतर दोनच वर्षांनी पुन्हा काय झाले ते आपण पाहिले.

गोठा, शेडनेट, खताचे गोदाम किंवा गुऱ्हाळ बांधण्यापूर्वी, जेथे पूररेषा आखलेल्या आहेत तेथे त्यांचा थर आपल्या गटावर ठेवून बघावा. गट एकच असला तरी त्याचा खालचा तुकडा निळ्या रेषेच्या आत व वरचा बाहेर असू शकतो. जागा वीस-पंचवीस मीटर वर घेतली तर परवानगीचाही प्रश्न सुटतो आणि दावणीची जनावरेही वाचतात. बांधून झाल्यावर नोटीस आली, की मग ना पैसा परत येतो ना विमा मिळायची खात्री राहते.

तिसरा उपयोग : विहिरीचे अंतर

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ सालच्या भूजल कायद्याने निर्बंध आणले. पुढे २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम झाला व तो २०१४ पासून अमलात आला; त्याने खोल विहिरींकडेही लक्ष दिले आहे. नवी विहीर किंवा बोअर घेण्याआधी आजचा नियम पंचायत समितीत विचारून घ्यावा.

नकाशावर हे काम सोपे आहे. गावच्या नळपाणी योजनेच्या विहिरीवर खूण करायची व तिच्याभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढायचे. संगणकाच्या भाषेत याला बफर म्हणतात. या वर्तुळात सुमारे १९४ एकर क्षेत्र येते! आपण सहज म्हणतो, "विहीर तर पार पलीकडे आहे". पण वर्तुळ काढले की आपले रान आत निघते.

चौथा उपयोग : कारखान्याचे सांडपाणी

हा विषय व्यवस्थापनाचा म्हणून सभासदांनी सोडून देऊ नये. कारखाना आपला आहे आणि पाणी आपल्याच शिवारात जाते.

२०१६ सालच्या केंद्र शासनाच्या अधिसूचनेप्रमाणे साखर कारखान्याने टनामागे जास्तीत जास्त २०० लिटर प्रक्रिया केलेले सांडपाणी बाहेर सोडायचे आहे. दिवसाला ५,००० टन गाळप असेल तर हे पाणी १० लाख लिटर, म्हणजे १,००० घनमीटर होते. ते शेतीला द्यायचे तर मातीप्रमाणे प्रमाण ठरवून दिले आहे. चिकण मातीला हेक्टरी दिवसाला ३५ ते ५५ घनमीटर, पोयट्याच्या मातीला ११० ते १७०, वाळूमिश्रित पोयट्याला १७० ते २२५.

आता गणित करा. माती वाळूमिश्रित पोयट्याची असेल व हेक्टरी २०० घनमीटर धरले, तर ५ हेक्टर जमीन पुरते. तीच माती भारी चिकण असेल व हेक्टरी ५० धरले, तर २० हेक्टर, म्हणजे सुमारे ५० एकर लागते. पाणी तेच, कारखाना तोच. मातीचा थर बदलला की जमीन चौपट लागते. मातीचा नकाशा न बघता भारी रानात पाच हेक्टरांवरच सगळे पाणी सोडले, तर दोन-तीन हंगामांत ती जमीन बसेल आणि शेजारच्या विहिरीचा रंग बदलेल. मग दोष कोणाचा म्हणून सभेत ओरडून उपयोग नाही.

शेतीला पाण्याची गरज नसते त्या दिवसांसाठी पंधरा दिवसांचे पाणी साठवायची टाकीही हवी. वरच्या हिशेबाने ती १५,००० घनमीटरची झाली. तीन मीटर खोली धरली तर तिला सव्वा एकर जागा लागते. ती जागा निळ्या रेषेच्या बाहेर, पिण्याच्या विहिरीपासून दूर आणि ओढ्याच्या काठावर नसलेली अशी हवी. हे तिन्ही थर एकत्र ठेवले की जागा कोठे आहे आणि कोठे नाही हे अर्ध्या तासात कळते. आसवनीच्या स्पेंटवॉशला वेगळे व फार कडक नियम आहेत. त्याला हे गणित लावू नये.

कारखान्याची गाळप क्षमता दिवसाला ५,००० टन किंवा त्याहून जास्त करायची असेल, तर २००६ सालच्या अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठीच्या अहवालात कारखान्याभोवतालच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळातील जमीन-वापराचा नकाशा असतो. जनसुनावणी ठेवली तर किमान तीस दिवस आधी नोटीस निघते व अहवालाचा सारांश मराठीत पाहायला ठेवतात. त्या दिवशी सभासदाने नुसते हात वर करून येऊ नये. नकाशात आपला ओढा दाखवला आहे का, आपल्या गावची विहीर आहे का, बागायत रान पडीक म्हणून तर रंगवले नाही ना, हे विचारावे. चुकीच्या नकाशावर मिळालेली परवानगी पुढे कारखान्यालाच अडचणीत आणते.

चुका कोठे होतात

माझी स्वतःचीच एक चूक सांगतो. नवीन नवीन शिकत होतो तेव्हा एका सभासदाच्या उसाला मोबाईलवर फेरी मारून हद्द घेतली आणि ऐटीत गावनकाशावर ठेवली. बघतो तर सगळा ऊस ओढ्याच्या पलीकडे! सभासद हसून म्हणाला, "साहेब, माझा ऊस ओढा पोहून गेला की काय?" चूक मोबाईलची नव्हती. मी गावनकाशाचे चित्र संगणकात घेताना तो ज्या खुणांवर बसवायचा त्याच धड बसवल्या नव्हत्या. गावनकाशा बसवताना शिवेचा दगड, जुने देऊळ, पूल, तिकाटणे अशा न हललेल्या निदान चार खुणा, गावाच्या चारही अंगांच्या, घ्याव्यात आणि मग पाचव्या खुणेवर तपासून बघावे.

दुसरी चूक मापाची. काही थर अंशांत असतात, काही मीटरमध्ये. अंशांच्या थरावर ५०० चे वर्तुळ मागितले तर संगणक ५०० अंश धरतो. अख्खी पृथ्वीच ३६० अंशांची! पश्चिम महाराष्ट्रासाठी यूटीएम ४३ उत्तर ही मीटरची पद्धत निवडावी, मगच अंतरे मोजावीत.

तिसरी चूक विश्वासाची. १:५,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर. मोबाईलची जागाही उघड्यावर चार-पाच मीटर इकडेतिकडे होते, झाडाखाली आणखी. म्हणून हा नकाशा नियोजनासाठी आहे, हद्द ठरवण्यासाठी नाही. बांधाच्या तंट्यात भूमि अभिलेख खात्याची मोजणीच खरी. मोबाईल दाखवून शेजाऱ्याचा बांध कोरायला जाऊ नये.

सभासदांनी काय करावे

लगेच संगणक विकत घ्यावा असे कोणी म्हणत नाही. प्रथम आपल्या गटाचा नकाशा छापून घ्या. त्यावर स्वतःच्या हाताने विहीर, बोअर, पाइपलाइन, पाणी साचते ती जागा, पांढरा पडलेला तुकडा आणि २०१९ च्या पुराचे पाणी जेथवर आले ती खूण लावा. प्रत्येक खुणेपुढे साल लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बुजलेला ओढा आणि जुनी आड त्यांनाच आठवते. शिकलेल्या मुलामुलींना सोबत घ्या, संगणकाचे काम ती आठवड्यात शिकतात. आणि सात-बाऱ्यावर बाईचे नाव असेल तर नकाशापुढे बसतानाही तिला बोलवा. पाणी कोठे तुंबते हे खुरपायला जाणारीला आधी कळते.

स्वाध्याय

१) आपल्या गटापासून पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीचे अंतर किती मीटर आहे?
२) आपल्या रानातील जादा पाणी कोणकोणत्या गटांतून ओढ्याला जाते?
३) आपल्या रानाचा कोणता भाग निळ्या रेषेच्या आत येतो?
४) दिवसाला ३,५०० टन गाळपाच्या कारखान्याचे टनामागे २०० लिटरप्रमाणे सांडपाणी किती? भारी मातीत हेक्टरी ५० घनमीटर धरल्यास जमीन किती लागेल? (उत्तर : ७०० घनमीटर; १४ हेक्टर, म्हणजे सुमारे ३५ एकर.)

बंधु-भगिनींनो, शेअर्सची रक्कम बुडाली तर पुन्हा उभी करता येते. ऊस जळाला तर खोडवा फुटतो. पण एकदा चोपण पडलेली जमीन सुधारायला वर्षे जातात आणि बिघडलेली विहीर एका पावसाने निवळत नाही. म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी नकाशा पुढ्यात घ्यावा. सात-बारा आपल्याला जमिनीचा मालक ठरवतो. ती जमीन पुढच्या पिढीच्या हाती चांगली द्यायची तर नकाशाही वाचता आला पाहिजे.